भावी डॉक्टरचा रोजमेळ

वैद्यकीय प्रवेशाच्या याद्या लागल्या की समाजातील अनेक घरांत पेढ्यांचे खोके उघडतात. ‘नीट’मध्ये ७२० पैकी किती गुण मिळाले, महाविद्यालय शासकीय की खासगी, वर्षाचे शुल्क किती, हे प्रश्न दुकानाच्या गादीवरही चर्चिले जातात. शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, छायाचित्र छापून येते. त्यानंतर पुढील काही वर्षे त्या मुलाविषयी किंवा मुलीविषयी एकच प्रश्न उरतो : “डॉक्टर कधी होणार?” मधल्या काळात ते मूल सकाळी किती वाजता उठते, काय वाचते, कोणाच्या उशाशी उभे राहते, कशाने खचते, याची चौकशी क्वचितच होते. व्यापारी घराला वर्षअखेरचा ताळेबंद वाचण्याची सवय असते. परंतु तो ताळेबंद उभा राहतो रोजमेळातील एकेका नोंदीवर. वैद्यकीय शिक्षणाचा रोजमेळही एकदा उघडून पाहणे म्हणूनच अगत्याचे आहे.

त्यासाठी एक विद्यार्थिनी डोळ्यांसमोर आणावी. अशा मुली आज अनेक घरांत आहेत. तेव्हा तिला नाव देण्याची गरज नाही. बाजारपेठेच्या गावातील एका आडत दुकानदाराची ती मुलगी. आजोबांचे आणि वडिलांचे आयुष्य तूर, हरभरा आणि ज्वारीच्या सौद्यांत गेले. घरात आजवर कोणी डॉक्टर झालेले नाही. तिला जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला आणि एक ट्रंक, एक गादी व खाखऱ्याचे दोन डबे घेऊन ती वसतिगृहात दाखल झाली.

एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता, जिला सारे इंटर्नशिप म्हणतात. पहिल्या वर्षी तीन विषय : शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र. दुसऱ्या वर्षी विकृतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि औषधशास्त्र. तिसऱ्या वर्षात न्यायवैद्यक आणि सामाजिक आरोग्य. आणि शेवटच्या दीड वर्षात औषधवैद्यक, शल्यचिकित्सा, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग यांसारखे मोठे विषय. महाराष्ट्रातील बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या परीक्षा नाशिक येथील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. कागदावर ही मांडणी सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात मुलांची छाती दडपते, कारण अकरावी-बारावीत दोन वर्षांत जेवढे वाचले त्याहून अधिक पाने येथे काही महिन्यांत पुढ्यात येतात, आणि तीही सर्वस्वी नव्या भाषेत. मानवी शरीरात २०६ हाडे आहेत एवढे सांगून येथे सुटका होत नाही. प्रत्येक हाडावरील खाच, उंचवटा आणि छिद्र यांना नाव असते, आणि त्यातून कोणती रक्तवाहिनी व कोणती नस जाते हे सांगावे लागते.

दिवस सकाळी आठ-नऊच्या सुमारास व्याख्यानाने सुरू होतो. त्यानंतर डिसेक्शन हॉल. लांबलचक दालनात मांडलेली टेबले, प्रत्येक टेबलावर एक मृतदेह आणि त्याभोवती पांढरे एप्रन घातलेली दहा-पंधरा मुले. देह टिकावा म्हणून वापरलेल्या फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरतात, नाकातून पाणी येते, आणि हात कितीही धुतले तरी तो वास दुपारच्या जेवणापर्यंत बोटांना राहतो. पहिल्या दिवशी कोणाला भोवळ येते, कोणी बाहेर जाऊन बसतो. यात लाजण्यासारखे काही नाही, हे शिक्षकही सांगतात. काम सुरू करण्यापूर्वी अनेक महाविद्यालयांत मुलांकडून एक शपथ घेतली जाते : या देहाचा आम्ही आदर राखू, तो आमचा पहिला शिक्षक आहे. हे देह येतात ते देहदानातून किंवा १९४९ च्या शरीररचनाशास्त्र कायद्यान्वये, ज्यांच्यावर हक्क सांगणारे कोणी नाही अशा मृतांचे. एखाद्या घरातील आजोबा देहदानाचा अर्ज भरतात तेव्हा तो कागद पुढे कोणाच्या कामी येतो, याचे उत्तर त्या टेबलाभोवती उभे असते.

दुपारी प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या ऊतींची चित्रे गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिलींनी वहीत काढायची. रक्ततपासणी शिकताना सुई टोचायची ती स्वतःच्याच बोटाला. रक्तदाब मोजायचा तो शेजारच्या मित्राचा. समाजातील घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो, तो बेडकाचा. पूर्वी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत बेडकाचा स्नायू आणि हृदय यांवर प्रयोग होत. आता पदवीच्या विद्यार्थ्यांना तोच भाग आलेख आणि संगणकावरील प्रतिकृती यांच्या साहाय्याने शिकवला जातो. या एका भीतीपोटी कोणी मुलाला या वाटेवरून मागे वळवू नये.

संध्याकाळी पाचच्या पुढे वसतिगृह. मेसमध्ये रात्रीचे जेवण मिळते ते बहुधा साडेसातनंतर, आणि भाजीत कांदा-लसूण असणार हे गृहीत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरातून आलेल्या मुलीने काय करावे? आडत दुकानदाराच्या मुलीने पहिले तीन महिने गावातील एका ओळखीच्या घरून डबा लावला. पुढे प्रात्यक्षिके लांबू लागली तेव्हा डबा खोलीत येऊन पडे आणि ती सहा-साडेसहाला परते. कोणी नियम काटेकोर पाळते, कोणी काही सोडते, कोणी सुट्टीत पुन्हा धरते. हा निर्णय त्या मुलाने आपल्या शक्तीनुसार घ्यावा हेच इष्ट. घरून येणाऱ्या प्रत्येक फोनचा पहिला प्रश्न “आज काय खाल्लंस, किती वाजता खाल्लंस?” असा असला, तर काही दिवसांनी मूल फोन उचलण्याचे टाळू लागते, आणि मग ज्या गोष्टी कळायला हव्यात त्याही कळेनाशा होतात.

कळायला हवी अशी एक गोष्ट पहिल्या अंतर्गत परीक्षेनंतर घडली. शरीररचनाशास्त्रात ती अनुत्तीर्ण झाली. पहिलीपासून बारावीपर्यंत जिने पहिला क्रमांक सोडला नाही, तिच्या नावापुढे प्रथमच लाल शाई आली. या अपयशाचे एक साधे कारण घरी लक्षात येत नाही. त्या टेबलाभोवतीचा प्रत्येक जण आपापल्या शाळेत पहिलाच होता, आणि दीडशे पहिल्यांच्या वर्गात कोणाला तरी शेवटचे यावेच लागते. तोंडी परीक्षेत तर परीक्षक हातात एक हाड ठेवतो आणि म्हणतो, “बोला.” ज्याने नुसते वाचले आहे त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही.

त्या रात्री तिने घरी फोन केला. दुकान वाढवून वडील नुकतेच घरी आले होते.

“पप्पा, मला नाही जमणार. मी परत येते. दुकानात बसते.”

वडील थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बेटा, मी दुकानात बसलो त्या वर्षी तुरीत मोठी खोट खाल्ली. मलाही वाटलं, आता दादाजी मला घरी बसवतील. त्यांनी काय केलं माहिती आहे? माझ्यासमोर वही उघडली आणि म्हणाले, कुठे गेलं ते शोध. रागावले नाहीत आणि जाऊ दे असंही म्हणाले नाहीत. तू पण वही उघड. कुठे गेलं ते बघ. मग परवा आपण बोलू.”

तिने वही उघडली. चौरसियांच्या पुस्तकाची पाने तिने दोन-दोनदा वाचली होती. पण आठ आठवड्यांत एकदाही ती मोठ्याने बोलली नव्हती. टेबलावर ती नेहमी मागच्या रांगेत उभी राही, कारण वासाचा त्रास होई. गुण तेथे गेले होते. पुढच्या सोमवारपासून ती पुढे उभी राहू लागली. वरच्या वर्गातील मुलीकडून तिने हाडांचा संच आणला, आणि रात्री जेवणानंतर तिघी मैत्रिणी एकमेकींच्या हातात हाडे ठेवून “बोला” म्हणू लागल्या. वार्षिक परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. प्रथम क्रमांक आला नाही आणि त्याची कोणी वाच्यताही केली नाही.

वाचक घरांनी येथे काही नियम लक्षात ठेवावेत. विद्यापीठाच्या परीक्षेस बसण्यासाठी व्याख्यानांना किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांना किमान ८० टक्के उपस्थिती आवश्यक असते. उत्तीर्ण होण्यास निम्मे गुण लागतात. येथे पस्तीस गुणांचा हिशेब चालत नाही. अनुत्तीर्णांसाठी पुरवणी परीक्षा असते, परंतु पहिल्या वर्षाच्या परीक्षेस चारच वेळा बसता येते. तेव्हा चुलतभावाच्या लग्नासाठी आठ दिवस, वास्तुशांतीसाठी तीन दिवस, अशी बोलावणी पाठवताना घराने एकदा हजेरीची बेरीज मांडावी. लग्नाला न आलेल्या मुलीविषयी “फार मोठी झाली” असे म्हणणाऱ्या नातलगांना हा हिशेब समजावून सांगणे हे आई-वडिलांचे काम. आणि मुलाची झोप उडाली, जेवण सुटले, बोलणे तुटले असे जाणवले, तर त्याला अभ्यासाचा ताण म्हणून उडवून लावू नये. अनेक महाविद्यालयांत मुलांच्या लहान गटाला मार्गदर्शक शिक्षक नेमलेले असतात, आणि रुग्णालयात मानसोपचार विभागही असतो. त्यांच्याकडे जाण्यास मुलाला संमतीपेक्षा घराच्या धीराची गरज अधिक असते.

दुसऱ्या वर्षापासून दिवसाचे रूप पालटते. सकाळचे तीन तास आता वॉर्डातील पोस्टिंगचे. गळ्यात स्टेथोस्कोप येतो, छायाचित्र घरी पाठवले जाते, आणि त्याच दिवशी कळते की त्यातून नेमके काय ऐकायचे तेच अजून ऐकू येत नाही. येथे शिकायचे ते ‘केस घेणे’. रुग्णाचे वय, गाव आणि व्यवसाय विचारायचा. त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत, किती दिवसांपासून ते क्रमवार लिहायचे. मग पाहणे, हाताने चाचपणे, बोटांनी ठोकून आवाज ऐकणे आणि शेवटी स्टेथोस्कोप. पुस्तक इंग्रजी, रुग्ण मराठी. “जीव घाबरा होतो”, “पोटात कळा येतात”, “हातापायाला मुंग्या येतात”, “उमासे येतात” : यातील प्रत्येक वाक्याचे वैद्यकीय भाषांतर विद्यार्थ्याने उभ्या उभ्या करायचे असते. इंग्रजी माध्यमातून शिकलेली कित्येक मुले येथे अडखळतात.

एका सकाळी तिच्यापुढे धाप लागणारी एक वृद्धा होती. पुस्तकात दोन प्रश्न दिलेले असतात : किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो, आणि रात्री किती उशा घेऊन झोपता? तिने ते विचारले. आजींच्या घराला पायऱ्या नव्हत्या, आणि उशी एकच होती. ती गप्प झाली. मग तिला वडिलांची गादी आठवली. शेतकरी आला की वडील आधी पावसाचे विचारत, मग बैलांचे, आणि मालाचा विषय शेतकऱ्याच्याच बोलण्यातून निघे. तिने स्टूल पुढे ओढले. “आजी, पाणी कुठून आणता?” “हिरीवरनं.” “घागर घेऊन येताना कितीदा थांबता?” आजींनी बोटे मोजली. “गेल्या साली थांबत नव्हते गं. आता तीनदा बसते.” वर्षभरात दम किती वाढला, त्याचे उत्तर त्या तीन बोटांत होते.

त्याच केसच्या वेळी दुसरी गोष्ट घडली, आणि तिचे मोल अधिक आहे. कागदावर नाडीच्या रकान्यात तिने ७२ लिहिले होते. निरोगी माणसाची म्हणून हा आकडा मुलांच्या लेखणीत बसलेला असतो; घाईत असलेला विद्यार्थी मनगटाला हात लावून तोच लिहून मोकळा होतो. शिक्षकांनी कागद पाहिला आणि विचारले, “मोजलीस की लिहिलीस?” ती काही बोलली नाही. त्यांनी घड्याळ काढून तिच्या हाती दिले. पूर्ण एक मिनिट मोजल्यावर आकडा शंभराच्या पुढे गेला, आणि ठोके समान अंतराने पडत नव्हते. आजींच्या हृदयाचे दुखणे त्या अनियमित ठोक्यांत उघड बोलत होते. कागदावर मात्र ७२ असे स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते.

शिक्षकांनी तिला सर्वांदेखत फटकारले नाही. कागद परत दिला आणि नव्याने लिहायला सांगितले. व्हाउचरशिवाय नोंद करू नये, रोकड न मोजता शिल्लक लिहू नये, हा नियम ज्या घरात तीन पिढ्या पाळला गेला, त्या घरातील मुलीला यातील चूक वेगळी समजावून सांगावी लागली नाही. खोटी नोंद वहीत सापडली तर पैसे जातात आणि पेढीची पत जाते. येथे एका आकड्यामागे माणूस असतो. वैद्यकीय शिक्षणातील सर्वांत मोठी गोष्ट कोणत्या पुस्तकात आहे असे कोणी विचारले, तर ती त्या एका प्रश्नात आहे : मोजले की लिहिले?

२०१९ च्या प्रवेशापासून देशभर जो नवा अभ्यासक्रम आला, त्यानेही याच गोष्टीवर भर दिला आहे. कोणते कौशल्य विद्यार्थ्याने स्वतः करून दाखवले याची नोंद लॉगबुकात होते आणि त्यावर शिक्षकाची सही लागते. वर्तन, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ असतात. रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी याचाही त्यात सराव करून घेतात. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातील काही कुटुंबे दत्तक दिली जातात, आणि त्यांच्या आरोग्याची विचारपूस त्याने पुढेही करत राहायची असते. महाराष्ट्राला ही कल्पना अगदी नवी नाही. सेवाग्राम येथे डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांचा प्रारंभीचा मुक्काम गांधीजींच्या आश्रमात असतो, अंगावर खादी असते, आणि प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेऊन तेथे शिबिरासाठी राहते. ज्या घरातून पाणी येते ते घर पाहिलेल्या डॉक्टरला अतिसाराचे कारण औषधाच्या कपाटात शोधावे लागत नाही.

शेवटचे दीड वर्ष परीक्षेच्या छायेत जाते आणि मग इंटर्नशिप येते. या वर्षात तो पदवीच्या उंबरठ्यावर असतो, पण कामाच्या उतरंडीत सर्वांत खाली. पहाटे रक्ताचे नमुने घेणे, सलाइन लावणे, अहवाल आणण्यासाठी जिने उतरणे, रात्रपाळीत अपघात विभागात जखमा शिवणे, प्रसूतिकक्षात उभ्याने रात्र काढणे, काही आठवडे खेड्यातील आरोग्य केंद्रात राहणे. शासकीय महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याने पुढे एक वर्ष शासकीय सेवा करावी, अन्यथा १० लाख रुपये भरावेत, असा महाराष्ट्रात बंधपत्राचा नियम आहे. त्यानंतर पदव्युत्तर प्रवेशाची आणखी एक परीक्षा आणि तीन वर्षांचे शिक्षण. म्हणजे बारावीनंतर जवळजवळ दहा वर्षे. तोवर त्याच वयाचा चुलतभाऊ गादीवर स्थिरावलेला असतो, त्याचे लग्न झालेले असते, आणि कुटुंबाच्या बैठकीत तुलना सुरू होते.

ही तुलना सर्वांत आधी थांबवावी. बँकेत मुदत ठेव ठेवणारा माणूस दर महिन्याला ती मोडून पाहत नाही. येथे तर गुंतवलेली रक्कम पैशांची कमी आणि एका तरुण माणसाच्या रात्रींची अधिक आहे. घराने देण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत : गुणांऐवजी दिवसाची विचारपूस, अपयशाच्या रात्री उचललेला फोन, न आलेल्या लग्नाबद्दल न धरलेला राग, आणि ‘कोणत्या शाखेत पैसा आहे’ हा प्रश्न निदान पदवीपर्यंत तोंडून न काढण्याचा संयम.

त्या मुलीचे आता शेवटचे वर्ष चालू आहे. दिवाळीला ती दोन दिवस घरी आली होती. वहीपूजन आटोपल्यावर दादाजींनी गादीवर बसल्या बसल्या मनगट पुढे केले आणि हसत म्हणाले, “बघ बरं, घोडा कसा चाललाय.” काकांनी, आत्याने एकदम बोलायला सुरुवात केली. तिने तीन बोटे मनगटावर ठेवली, दुसऱ्या हाताने सर्वांना गप्प राहण्याची खूण केली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागली. पंधरा सेकंद झाले, तीस झाले. “झालं की गं,” आत्या म्हणाली. तिने मान हलवली. काटा पूर्ण फिरून येईपर्यंत तिने हात सोडला नाही.